दिवेलागणीनंतर दही मिळत नाही

दिल्लीहून परत आलेल्या माणसाचं निम्मंच खरं धरावं, असा आमच्या तालुक्यातला रिवाज आहे. आमचे एक माजी सभापती तिकडून आले ते, खुद्द मंत्र्याने स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला, असं वर्षभर सांगत होते. पुढे फोटो निघाला. त्यात चहा ओतणारा मंत्री नव्हता, कॅन्टीनचा ठेकेदार होता. माझ्या बाबतीत निम्मं-अर्धं करायची गरज नाही. मी सगळंच खरं सांगणार आहे. कुठे थोडं फुगलेलं वाटलंच, तर मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो हे ध्यानात घ्या. आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट हजारपट मोठी केल्याशिवाय दिसतच नाही.

तर झालं असं, की देशात कोणकोणते सूक्ष्मजीव कुठे कुठे राहतात याचा नकाशा काढायचा, असं वर ठरलं. कल्पना चांगली. माणसं मोजायला गेलं की माणसं कुरकुर करतात. जिवाणू करत नाहीत. देशभरची कॉलेजं जोडून घेतली. माण तालुक्यातल्या आमच्या कॉलेजलाही एक केंद्र मिळालं. केंद्र म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक डीप फ्रीजर आणि शुभांगी. मी केंद्रप्रमुख, म्हणजे सह्या माझ्या. बाकी माळ तुडवणं, नमुने आणणं, ते तपासणं, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवणं, हे सगळं शुभांगी करायची.

शुभांगीला एक दही सापडलं होतं. हसू नका. आमच्या माळावर हौसाबाई नावाची मेंढपाळ बाई मेंढीच्या दुधाचं दही लावायची. माघाच्या थंडीत, उघड्या माळावर, जिथे माणसाचं रक्त विरजतं तिथे तिचं दही रात्रीतून असं लागायचं की वाटी उपडी करून वरून बैलगाडी न्यावी. चमचा बुडवून उचलला की हातभर तार सुटायची, आणि वास धुराचा. शुभांगीने तपासलं, तर आत जिवाणू आणि यीस्टची अशी काही गुण्यागोविंदाने नांदणारी मंडळी निघाली, की तशी इतर कुठल्याच केंद्राच्या यादीत नव्हती. तिने कुप्या भरून फ्रीजरमध्ये ठेवल्या. मग आमचं स्नेहसंमेलन आलं. डीजेच्या स्पीकरला जागा हवी म्हणून विद्यार्थी प्रतिनिधींनी फ्रीजरची पिन काढली. तीन दिवस मुलं नाचली आणि आतल्या कुप्यांचं सार झालं.

शुभांगी पुन्हा माळावर धावली. तोवर हौसाबाईंनी मेंढरं विकली होती, लेकाकडे इचलकरंजीला राहायला निघायची तयारी चालली होती. शेवटची वाटी शिल्लक होती. ती घेऊन शुभांगी उतारावरून येताना घसरली. पाय मोडला, वाटी वाचली. असा हात वर धरून पडली म्हणे, की पाहणाऱ्याला वाटावं पुतळा पडला.

त्यात दिल्लीचं बोलावणं आलं. नियम साधा होता: बैठक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फरीदाबादच्या सूक्ष्मजीव भांडारात जिवंत नमुना जमा केला, तरच नकाशावर ठिपका. ठिपका नाही तर केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे शुभांगीची नेमणूक संपली. माझं काय, मी कायम. मला तर मेल्यावरसुद्धा वर्कलोड मिळेल.

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून शुभांगीने बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, "सर, एवढंच उरलंय. उघडू नका, गरम होऊ देऊ नका, आणि कुणाला देऊ नका."

"अगं, मी काय पोरगा आहे का?" मी म्हणालो.

तिने माझ्या हातातल्या बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आर. के. पुरम

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. गाडी उशिरा पोहोचली, यात वाचकाला नवं काय? थर्माकोलचा खोका सुतळीने बांधून मी मेट्रोच्या तपासणीला उभा राहिलो. जवानाने खोक्यावरचं 'जिवंत नमुने' वाचलं आणि दोन पावलं मागे झाला.

"इसमें क्या है?"

"जीव हैं," मी माझ्या शुद्ध हिंदीत.

"कितने?"

"अब्जावधी."

त्याला अब्जावधी कळलं नसावं, पण आकडा मोठा आहे एवढं चेहऱ्यावरून कळलं. "और टिकट आपने एक ही लिया?" म्हणाला आणि हसून सोडलं. दिल्लीत मला भेटलेला हा पहिला विनोद, आणि सरकारी पातळीवरचा शेवटचा.

माझा मावसभाऊ अरुणदादा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. अवर सचिव आहे. त्याच्या जिन्यात एकेका राज्याचं एकेक घर आहे: तळाला आमचं महाराष्ट्र मंडळ, त्याच्यावर तामिळनाडूच्या राजम आंटी, त्यांच्या वर ओडिशाच्या मोहंती, आणि सगळ्यात वर गढवालच्या नेगी. हिमालय वरच असायला हवा, हे सरकारी घरवाटपातही पाळलेलं बघून बरं वाटलं.

अलकावहिनींनी दार उघडताच विचारलं, "भाऊजी, खोक्यात काय? चटणी? कंदी पेढे?"

"वहिनी, राष्ट्रीय संपत्ती आहे. फ्रीजमध्ये ठेवायची."

वहिनींचा चेहरा पडला. तीन वर्षांनी आलेला दीर पेढ्यांऐवजी संपत्ती घेऊन आला होता. त्यातून फ्रीज गच्च. मटार, गाजरं, आवळे; दिल्लीच्या हिवाळ्यात ही माणसं असा भाजीपाला भरतात जणू वेढा पडणार आहे. माझी उंच बाटली काही केल्या उभी राहीना, आणि आडवी केली तर गळे. वहिनी म्हणाल्या, "त्या छोट्या स्टीलच्या डबीत काढून ठेवा की."

मी चमचा उकळून घेतला, डबी उकळून घेतली, शास्त्रशुद्ध पद्धतीने सगळं डबीत काढलं, झाकण लावलं आणि डबी दाराच्या कप्प्यात ठेवली. लेबल लावायचं राहिलं. पण घरात मी एकटाच शास्त्रज्ञ, मला माहीत आहे म्हटल्यावर लेबल कशाला?

आता कुठल्याही मराठी घरातल्या बाईला विचारा. फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात छोटी स्टीलची डबी, आत चार चमचे दही. ते काय असतं? शेंबडं पोरही सांगेल. अर्थात दिल्लीतलं पोर असेल तर वेगळ्या शब्दांत. माझी पुतणी ईशा दोन दिवसांनी मला म्हणाली, "काका, मम्मीला ना बेस्ट जामन मिळालंय. दही एकदम सॉलिड जम रहा है."

मी म्हटलं, "वा, छान."

जामन म्हणजे विरजण, हे मला ठाऊक होतं. डोक्यात मात्र तेव्हा बैठक होती.

गुरुग्राम

बैठक गुरुग्रामच्या एका काचेच्या हॉटेलात होती. इमारत इतकी उंच, की लिफ्टमध्ये बसलो तेव्हा दाढी केलेली होती, वर पोहोचलो तर खुंट वाढले होते. जानेवारीचा महिना, बाहेर धुकं आणि धुराचा असा काला, की समोरची इमारत दिसेना. देशाचा नकाशा काढायला बसलेल्या माणसांना रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. आत मात्र एसी चालू. माझ्या शेजारी बसलेल्या कोचीच्या प्राध्यापकांनी टेबलावरचं कापड गुडघ्यांवर ओढून घेतलं होतं.

सगळ्याचे प्रमुख डॉ. भल्ला. उंच, पांढरी दाढी, आवाज असा की माईक कशाला लावला हाच प्रश्न. पण माणूस मनाचा चांगला. कुणी काहीही मागितलं की "हो जाएगा जी" म्हणायचे. आपल्याकडे साहेब "बघतो" म्हणतात, आणि बघत नाहीत. दिल्लीत "हो जाएगा" म्हणतात, आणि होत नाही. पण ऐकताना फरक पडतो. आपल्याकडचा माणूस खट्टू होऊन परत येतो, दिल्लीचा पेढे वाटत येतो.

पहिला दिवस नकाशाच्या रंगांवर गेला. बुरशीला हिरवा द्यावा की करडा? एकाने हिरव्याला हरकत घेतली, दुसऱ्याने भगव्याला, तिसऱ्याने हरकत घेणाऱ्यांना हरकत घेतली. शेवटी सगळेच ठिपके तपकिरी ठरले.

दुसरा दिवस नमुन्यांच्या क्रमांकावर. आधी राज्य की आधी जिवाणू? मग कुणीतरी विचारलं, नदीतल्या जिवाणूचं काय? कृष्णेतला जिवाणू आज साताऱ्यात असतो, चार दिवसांनी कर्नाटकात. ठिपका कुणाचा? सभागृहात असा गदारोळ उठला, की वाटलं आता जिवाणूंसाठीही लवाद बसणार. डॉ. भल्लांनी समन्वय समिती नेमली, तिच्यावर देखरेख समिती नेमली, आणि दोघींचं भांडण होऊ नये म्हणून एक सुकाणू समिती. मी तिन्हींत आहे. काम काय ते कुणालाच कळलेलं नाही.

जेवणात पनीर. विविधतेवर बोलून दमलेल्या माणसांपुढे रोज पनीर: लाल रश्शात, पांढऱ्या रश्शात, हिरव्या रश्शात, आणि काठीला टोचून. बाहेर पडलो की फुटपाथवर निखाऱ्यांवर भाजलेली रताळी मिळायची, लिंबू पिळून, मसाला भुरभुरून. ती खाताना मला दिल्ली आवडायची. आपल्याकडे रताळं उपासाला खातात, म्हणून त्याचं तोंड कायम पडलेलं. इथे ते ऐटीत असतं.

दोन दिवसांची बैठक समन्वयामुळे चार दिवसांवर गेली. रोज संध्याकाळी शुभांगीचा फोन.

"सर, ते कसं आहे?"

"अगं, मजेत. थंडी आहे, सुखात आहे."

रोज मी फ्रीजचं दार उघडून बघायचो. डबी जागेवर. उघडायची नाही, हवा लागते, हे शुभांगीने बजावलं होतं. मी शिस्तीचा माणूस. उघडली नाही.

आणि रोज घरी जेवताना ताटात दही. काय दही हो! दिल्लीच्या जानेवारीत दही लागत नाही, पातेल्याला स्वेटर घातला तरी लागत नाही, असं वहिनीच सांगायच्या. आता मात्र सुरीने कापावं असं. मी तारीफ केली. वहिनी खूश. मी आणखी वाढून घेतलं, वहिनी आणखी खूश. चमच्यावरून तार सुटली तेव्हाही मी म्हणालो, "वा! अगदी आमच्या माळावरच्या दह्यासारखं!" पीएच.डी. केलेला माणूस आहे मी, हे इथे मुद्दाम सांगतो.

जिना

शेवटच्या संध्याकाळी वहिनींनी माझ्यासाठी कढी केली. आलं, कढीपत्ता, गोडसर, आपल्या वळणाची. मी वाटीमागून वाटी प्यालो. सकाळी फरीदाबादला जायचं होतं. संस्थेची गाडी धुक्यामुळे फटफटायच्या आधीच न्यायला येणार होती. म्हटलं, खोका आताच भरून ठेवावा. डबी काढली, झाकण उघडलं.

आत हिरवी चटणी.

"वहिनी," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच. "यात दही होतं."

"हो ना. विरजण. ते तर तुम्ही आलात त्याच दिवशी लावलं. बाई, काय गुणाचं निघालं! बाजारातलं एकही विरजण लागत नव्हतं हो. म्हटलं भाऊजींनी काढून ठेवलंय तर लावून बघावं."

"ती राष्ट्रीय संपत्ती होती!"

"मला वाटलं ती बाटलीत आहे," वहिनी म्हणाल्या. "बाटली मी धुऊन पुसून ठेवलीय. हरवायची नाही."

अरुणदादा पेपर खाली ठेवून म्हणाला, "सुध्या, लेबल लावलं होतंस का?"

सरकारी माणूस घर जळत असताना आधी पाटी विचारतो.

"पातेल्यातलं कुठे आहे?" मी ओरडलो.

वहिनींनी कढीच्या रिकाम्या पातेल्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. मला उकळलेली, हळद घातलेली, माझ्या मागणीवरून तिसऱ्यांदा वाढलेली ती कढी आठवली. हौसाबाईंच्या पिढ्यान् पिढ्या, शुभांगीचा पाय, आमचं केंद्र, सगळं माझ्या पोटात, आणि वर कढीपत्ता.

तेवढ्यात फोन वाजला. शुभांगी.

"सर, उद्या जमा करायचं ना? कसं आहे ते?"

"फिरतंय," मी म्हणालो. "दिल्ली बघतंय जरा." आणि फोन ठेवला.

"पण वहिनी," मी म्हणालो, "उद्यासाठी विरजण बाजूला काढलं असेल ना? अख्खं दही कोण कढीत घालतं?"

"काढायचं कशाला? राजमकडे आहे की. तिचंही लागत नव्हतं, म्हणून परवा सकाळी वाटीभर दिलं. उद्या तिच्याकडून चमचाभर आणणार होते."

मी जिन्याकडे धावलो. मागे वहिनी, मागे ईशा, मागे दादा, त्याच्या हातात अजून पेपर.

राजम आंटींनी दार उघडलं. केसांत गजरा, हातात पळी. "दही? फर्स्ट क्लास दही! आज पूरा दही-चावल बना के मंदिर भेज दिया. चार सौ लोग खाये होंगे." चारशे मी धरून चालत नाही, आंटीही माझ्याच जातकुळीतल्या दिसल्या. "लेकिन जामन मोहंतीजी को दिया ना, कल. उनका भी नहीं जम रहा था."

वरच्या मजल्यावर मोहंती काकींच्या घरात फोडणीचा असा वास, की चिंतेतही भूक लागावी. त्यांनी लाजून सांगितलं की दह्यातली वांगी आत्ताच झाली, बसा, खाऊनच जा. "और जामन?" मी विचारलं. त्यांनी बोट वर केलं.

सगळ्यात वर नेगी आंटी. दार उघडताच मी काही बोलायच्या आत राजम आंटी, मोहंती काकी आणि वहिनी, तिघी एकदम बोलू लागल्या, तीन वळणांच्या हिंदीत. नेगी आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं, आत गेल्या आणि काचेचा वाडगा घेऊन आल्या. भरलेला. तिरका केला तरी हलेना. मी चमचा बुडवून उचलला. तार सुटली. नाक जवळ नेलं. पार तळाशी, चार घरं आणि चार फोडण्या ओलांडून आलेला, धुराचा वास.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाडगा घ्यायला हात पुढे केला.

नेगी आंटींनी वाडगा मागे घेतला.

"भैया, बत्ती जल गई," त्या म्हणाल्या. "अब घर से दही नहीं देते. सुबह ले जाना."

"आंटीजी, सुबह अंधेरे में गाडी है!"

"तो अंधेरे में भी नहीं देते. सूरज निकलने दो."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, खरं आहे. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. मी पण नसतं दिलं."

"हमारे में भी नहीं देते," राजम आंटी म्हणाल्या. "लक्ष्मी चली जाती है."

"हमारे यहाँ भी," मोहंती काकी.

मी दादाकडे वळलो. अवर सचिव, संविधानाला धरून टिपणी लिहिणारा माणूस. म्हणाला, "बघ बाबा. आई पण नाही द्यायची."

जिन्यात उभा राहून मला हसावं की रडावं कळेना. काचेच्या इमारतीत चार दिवस देशभरच्या विद्वानांचं एका ठिपक्यावर एकमत होत नव्हतं. आणि इथे, कोणतीही समिती न नेमता, हिमालयापासून समुद्रापर्यंत सगळ्यांचं एकमत, आणि तेही नेमकं माझ्याविरुद्ध.

मी विनवण्या केल्या. शुभांगीचं सांगितलं: पाय मोडला, वाटी वाचली, ठिपका गेला तर पोरीची नोकरी जाते, ज्या बाईचं हे दही, तिची मेंढरंही गेली, आता हे कुठेच नाही. ऐकता ऐकता नेगी आंटींच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण वाडगा काही सैल होईना. "लड़की के लिए तो जान दे दूँ भैया," म्हणाल्या. "दही कैसे दूँ?"

शेवटी राजम आंटींनी पळी उगारली. "आप लोग सब पागल है क्या? देना मना है. जमाना थोड़ी मना है! प्रोफेसर साब, नीचे से अपना दूध लाओ, अपने बर्तन में. गुनगुना करके."

"फिर?"

"फिर नेगीजी के घर में रखो. उनका चम्मच फिसल गया, आपके दूध में गिर गया. गिर गया तो क्या करें? सुबह आप अपना बर्तन ले जाओ. अपना बर्तन ले जाने में किसका क्या गया?"

मग नेगी आंटी हसल्या, आणि वाट मोकळी झाली. इतकी निर्दोष पळवाट मी कुठल्या शासन निर्णयातही बघितलेली नाही. दादाने तर कौतुकाने मान हलवली. तो तज्ज्ञ आहे.

मी दूध कोमट करून, उकळलेल्या बाटलीत भरून, वर नेलं. या वेळी लेबल लावलं; ईशाने त्यावर शुभांगीचं नाव लिहिलं, वर एक हसरा चेहराही काढला. नेगी आंटींनी चमचा बाटलीवर धरला, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, गिर गया!" बाटली त्यांच्या रजईत गुंडाळून ठेवली. नेगी अंकलना त्या रात्री साधी चादर मिळाली, असं दुसऱ्या दिवशी कळलं. राष्ट्रीय संशोधनात त्यांचा वाटा कुठे नोंदला जाणार नाही, म्हणून इथे नोंदवतो.

फरीदाबाद

अंधारात मी माझी बाटली उचलली. दही लागलं होतं. बाहेर धुकं इतकं, की चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याला विचारत विचारत निघाला होता. मला मात्र फक्त मांडीवरची बाटली दिसत होती. कारखाने, पूल, ट्रकच्या रांगा, सगळं आलं आणि गेलं.

भांडारात इतर केंद्रांचे लोक बर्फातून, वायूच्या टाक्यांतून, चकचकीत पेट्यांतून नमुने काढत होते. माझ्या बाटलीवर हसरा चेहरा. नंबर येईपर्यंत दिवस कलला. डॉ. भल्लांनी बाटली हातात घेतली.

"उद्गम स्थान?"

"माण तालुका, सर. हौसाबाईंचा माळ."

"बीच में किसके पास था?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, आणि हुशारीही आहे. वाचकांना आतापर्यंत अंदाज आलाच असेल. पण शुभांगीचं नाव त्या बाटलीवर होतं. तिच्या नावाखाली खोटं चालणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. डबी, कढी, मंदिर, वांगी, घसरलेला चमचा. अवतीभवतीची मंडळी हसू दाबत होती. डॉ. भल्ला हसले नाहीत. म्हणाले, "देखते हैं."

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. मी फोनवर शुभांगीने काढलेला जुना फोटो उघडून शेजारी धरला. डॉ. भल्ला एकदा नळीत बघत, एकदा फोटोत.

"ये लंबी लंबी चेन, वही हैं," शेवटी ते म्हणाले. "यीस्ट भी वही. ज़िंदा हैं, और क्या ज़िंदा हैं! ये दो-तीन नए कौन हैं?"

"ते आर. के. पुरमचे असतील, सर. वाटेत बसले."

"हूँ. इनको अलग कर लेंगे. बाकी परिवार पूरा है." आणि संगणकावर, आमच्या तालुक्याच्या जागी, तपकिरी ठिपका उमटला. मोहरीएवढा. माझ्या डोळ्यांना तो खंडाळ्याच्या घाटाएवढा दिसला.

मी शुभांगीला फोन लावला. "लागला," म्हणालो.

"काय लागलं सर?"

"ठिपका. दही पण."

मग ती म्हणाली, "सर, तुम्ही ते उघडलं होतं ना?"

"परत आल्यावर सांगतो," मी म्हणालो. सांगायला हे सगळं लिहावं लागलं.

निघताना डॉ. भल्लांनी मला बाजूला घेतलं. दार लोटलं. माईकशिवाय सभागृह हलवणारा तो आवाज आता मांजरासारखा झाला होता. "प्रोफेसर साहब, एक बात. बोतल में थोड़ा बचा है. मेरे घर में भी महीने भर से दही नहीं जम रहा. मिसेज़ रोज सुनाती हैं. एक चम्मच..."

मी खिडकीबाहेर बघितलं. धुक्यात फरीदाबादचे दिवे एकेक करून लागत होते.

"सर," मी म्हणालो, "बत्ती जल गई."

देशाचा नकाशा काढणारा तो माणूस खिडकीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाँ. मेरी माँ भी नहीं देती थीं."

मला त्यांची दया आली. विचारलं, "सर, चहाचं दूध आहे का ऑफिसात?"

होतं. त्यांनी स्वतः काचेच्या चंचुपात्रात ओतून आणलं, कोमट करून. भांडं त्यांचं, दूध त्यांचं, उबदार ठेवणारी पेटी भारत सरकारची. मी चमचा घेऊन छताकडे बघितलं.

पुढे काय झालं ते समितीला कळवायची गरज नाही. कुणी विचारलंच, तर मी त्यांना काहीही दिलेलं नाही.